बडोद्यातल्या मराठी मंडळांना आणि पतसंस्थांना खुले पत्र : फाइलला नको, पात्रतेला कर्ज द्या

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी व सभासद,
बडोद्यातील मराठी मंडळे, ज्ञातिसंस्था आणि सहकारी पतसंस्था

सप्रेम नमस्कार.

मी दांडिया बाजारात जर्मन भाषेचे वर्ग घेते. वर्गात येणारी बरीच मुलं-मुली तुमच्या सभासदांच्या घरची आहेत. रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी, सलाटवाडा आणि तिकडे पार मांजलपूर-मकरपुऱ्यापर्यंतची. कुणी आयटीआय केलेलं, कुणी नर्सिंग, कुणी इंजिनीअर. सगळ्यांना बाहेर जाऊन काम करायचं आहे आणि त्यात वावगं काहीच नाही. तुमच्यापैकी अनेक संस्था या मुलांना कर्ज देतात, जामीन मिळवून देतात, व्हिसा लागला की गणेशोत्सवात स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देतात. ही आपुलकी मोठी आहे. तिच्या भरवशावरच मी हे लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच, की तुमचं कर्ज चुकीच्या टप्प्यावर मिळतं. सल्लागाराचं कोटेशन जोडलं की ते मंजूर होतं. पण भाषेच्या परीक्षेसाठी, प्रमाणपत्रांच्या मान्यतेसाठी, कागदांवरची नावं दुरुस्त करण्यासाठी कुणी पैसे मागितले, तर ‘असं कर्ज आमच्या नियमात बसत नाही’ असं सांगून परत पाठवलं जातं. आणि वर्क व्हिसासाठी माणूस पात्र ठरतो की नाही, ते नेमकं याच गोष्टींवर ठरतं. फाइल लावणं, म्हणजे व्हिसाचा अर्ज भरणं, हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम. जर्मनीच्या राष्ट्रीय व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे. जानेवारी २०२५ पासून कुशल कामगारांच्या व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. मग लाखांची कोटेशनं कशाची असतात, हे मंजुरीची सही करण्याआधी एकदा विचारा.

माझ्या माहितीतली दोन मुलं सांगते. एकाच आयटीआयतली, एकाच आळीतली. एक फिटर, दुसरा वेल्डर. शहरातल्या एका सल्लागाराने दोघांनाही जर्मनीचं ऑपॉर्च्युनिटी कार्ड मिळवून देतो असं सांगितलं आणि दोघांकडून सारखीच रक्कम घेतली. दोघांनीही ती पतसंस्थेतून उचलली होती.

हे कार्ड १ जून २०२४ पासून सुरू झालं. नोकरी हातात नसतानाही जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत ती शोधायची मुभा त्यावर मिळते, आणि शोधत असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. त्याची मूळ अट अशी की मान्यताप्राप्त पदवी हवी किंवा किमान दोन वर्षांचं सरकारमान्य व्यावसायिक प्रशिक्षण हवं. सोबत जर्मन ए१ नाहीतर इंग्रजी बी२ (ए१, ए२, बी१, बी२ या भाषेच्या चढत्या पायऱ्या). ही अट पार केली तरच पुढचे गुण मोजतात. आता आपल्या आयटीआयत फिटरचा कोर्स दोन वर्षांचा आणि वेल्डरचा एक वर्षाचा असतो. वेल्डर पहिल्याच पायरीवर अडला. त्याचे गुण मोजायची वेळच आली नाही. हे समजायला सल्लागार लागत नाही, मुलाचं प्रमाणपत्र हातात घेऊन कालावधीचा रकाना वाचला तरी पुरे. तो रकाना ना सल्लागाराने वाचला, ना कर्ज मंजूर करणाऱ्या समितीने.

फिटरचं गणित वेगळं होतं. कार्डासाठी किमान ६ गुण लागतात. वय पस्तिशीच्या आत, त्याचे २. शेवटच्या सात वर्षांत आपल्याच कामाचा पाच वर्षांचा अनुभव असेल तर त्याचे ३. झाले ५. जर्मन ए१ ही फक्त प्रवेशाची अट, तिला वेगळा गुण नाही. ए२ ला मात्र १ गुण आहे. म्हणजे सहाव्या गुणासाठी या मुलाला भाषेची आणखी एक पायरी चढायची होती, काही महिन्यांचा अभ्यास. ‘ए१ झालं, पुरे’ असं त्याला सांगण्यात आलं आणि तो थांबला.

त्यापुढे खरी अडचण निघाली. पाच वर्षांपैकी तीन वर्षं त्याने मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका ठेकेदाराकडे काम केलं होतं. नेमणूकपत्र नाही, पगार रोखीने, पीएफच्या पासबुकात एक नोंद नाही. काम केलं, हात तयार झाला, पण कागदावर ती तीन वर्षं नाहीतच. उरलेल्या दोन वर्षांचा पुरावा धरला तर अनुभवाचे २ गुण मिळतात, वयाचे २ मिळून ४, आणि मग सहा गाठायला त्याला थेट बी१ लागतं. ए२ वरून बी१ वर जाणं सोपं नाही. दिवसभर मशीनवर उभं राहून आलेल्या मुलासाठी तर नाहीच.

इथे मला तुमच्यातल्या कारखानदार सभासदांशी बोलायचं आहे. मकरपुरा, गोरवा, पोर या भागांत आपल्या माणसांची कितीतरी लहान युनिट्स आहेत. मुलांना पहिली नोकरी तुम्हीच देता, याची मला जाणीव आहे. पण पहिल्या दिवशी दिलेलं साधं नेमणूकपत्र, दर महिन्याला भरलेला पीएफ आणि सोडताना काय काम केलं हे लिहून दिलेलं पत्र, एवढं जरी केलंत, तरी एखाद्या सल्लागाराला जे लाखात जमत नाही ते तुमच्या हातून होईल. ‘काम समाधानकारक होतं’ एवढ्या एका ओळीच्या पत्राचा उपयोग होत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावर, कोणती मशीन, कोणतं काम, हे त्यात हवं.

वेल्डरला जर्मनीचा रस्ताच नाही असंही नाही. तिथे कंपनीत काम करत शिकण्याची आऊसबिल्डुंग नावाची पद्धत आहे. कंपनीशी प्रशिक्षणाचा करार होतो, कंपनी दरमहा विद्यावेतन देते. त्याच्या व्हिसासाठी साधारणपणे बी१ लागतं. या वेल्डरचं वय कमी आहे, शिकायची तयारी आहे. तो आता बी१ च्या मागे लागला आहे. फक्त आधीच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, सल्लागाराकडे गेलेले पैसे परत आलेले नाहीत आणि परीक्षेच्या फीसाठी नवीन कर्ज मिळत नाही, कारण आधीचं फिटलेलं नाही. तुमच्या नियमांनी एका प्रामाणिक मुलाला कुठे आणून उभं केलं आहे, ते बघा.

पदवीधरांचं त्या मानाने सोपं असतं. विद्यापीठ आणि पदवी जर्मनीत कशी धरली जाते, ते आनाबिन नावाच्या सरकारी यादीत फुकट बघता येतं. शंका असेल तर बॉनच्या झेडएबी कार्यालयाकडून पदवीचं तुलनापत्र मागवता येतं. नोकरी हातात असेल तर ईयू ब्लू कार्ड हा पदवीधरांचा कामाचा परवाना आहे. २०२५ साली त्याची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांना आणि नव्या पदवीधरांना ४३,७५९.८० युरो. पंचेचाळिशी ओलांडून ब्लू कार्डाऐवजी साध्या कुशल कामगार व्हिसावर पहिल्यांदा जाणाऱ्यांना मात्र पगाराची किंवा पेन्शनची आणखी एक अट लागते. हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि घर गहाण टाकायला निघालेली माणसं याच वयाची असतात.

नर्सिंगच्या मुलींबद्दल थोडं सविस्तर लिहावंच लागेल. परिचारिकेचं काम जर्मनीत नियंत्रित व्यवसायात मोडतं. तिथल्या राज्याच्या अधिकाऱ्यांनी शिक्षणाला मान्यता दिल्याशिवाय पूर्ण परिचारिका म्हणून काम करता येत नाही. आपल्याकडचं जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि तिथलं शिक्षण यांत फरक निघाला तर तो लेखी कळवतात. मग पूरक प्रशिक्षण घ्यायचं किंवा ज्ञानपरीक्षा द्यायची. पूर्ण मान्यतेसाठी भाषा साधारण बी२ लागते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने बी२ गाठायला ४५ मिनिटांच्या सहाशे ते आठशे तासिका लागतात. आठवड्यात दोन नाइट ड्यूट्या करणारी मुलगी या तासिका कुठून काढणार, याचा विचार तिच्या घरच्यांनी केलेला नसतो. ‘तीन महिन्यांत जर्मन’ अशा पाट्या वाचूनच ती माझ्याकडे आलेली असते.

आणि तिच्या फाइलीतला सर्वांत चिवट गुंता असतो तिच्या नावाचा. अशी एक फाइल मी माझ्या टेबलावर उघडून बसले होते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पवारमधल्या ‘व’ ला इंग्रजी व्ही, वडिलांच्या नावाला ‘भाई’ जोडलेलं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर तिच्या नावापुढे ‘बेन’. पासपोर्टवर पवारला डब्ल्यू, आणि भाई-बेन दोन्ही गायब. रेशनकार्डावर वडील ‘राव’ झालेले. त्यात तिचं लग्न झालेलं, त्यामुळे आडनाव तर बदललंच, पण सासरी तिचं पाळण्यातलं नावही बदललं आणि आधार कार्डावर तेच चढलं. हॉस्पिटलचं अनुभवपत्र या नव्या नावाने. ही सगळी कागदपत्रं एकाच बाईची आहेत, हे आपल्या गल्लीत कुणालाही कळतं. श्टुटगार्टच्या एखाद्या कार्यालयात बसलेल्या माणसाने ते कशावरून मानायचं? मग सोगंदनामे (प्रतिज्ञापत्रं), विवाह नोंदणीचा दाखला, गॅझेटमध्ये नाव, कौन्सिलकडे दुरुस्तीचा अर्ज, हॉस्पिटलकडून नवं पत्र. प्रत्येक कचेरीत हेलपाटे. यात महिन्यांमागून महिने गेले, आणि तोवर भाषेचं प्रमाणपत्र जुनं झालं म्हणून नव्याने विचारणा होते की काय, याची धास्ती तिला लागून राहिली.

म्हणून महिला मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. लग्नात सुनेचं नाव बदलायची हौस असेल तर ते तांदळात लिहा, उखाण्यात घ्या. तिच्या आधार कार्डाला आणि पासपोर्टला हात लावू नका. हे हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात माइकवरून सांगा, दरवर्षी सांगा. आणि नववी-दहावीच्या पालकांना सांगा की बोर्डाचा फॉर्म भरताना नावाचं स्पेलिंग पासपोर्टला जुळेल असंच भरा. त्या वेळी पाच मिनिटांचं काम असतं.

केरळने हे काम कसं केलं, ते पाहण्यासारखं आहे. तिथल्या नोर्का या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये जर्मन यंत्रणांशी ट्रिपल विन नावाचा करार केला. निवड झालेल्या परिचारिकांना भाषा शिकवली जाते आणि भरतीचा खर्च त्यांच्याकडून घेतला जात नाही. म्हणजे भाषेवर खर्च आधी, विमानाचं तिकीट नंतर. आपल्यामागे असं सरकारी पाठबळ नसेल, पण आपल्याकडे मंडळं आहेत, पतसंस्था आहेत, शंभर वर्षं जुने हॉल आहेत जे संध्याकाळी बंद असतात.

भाषेवर घातलेला पैसा वाया जात नाही, याचं कारणही सांगते. देश नियम बदलतात, आणि बदलणार. कॅनडात स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री या गुणपद्धतीत नोकरीच्या ऑफरला ५० किंवा २०० गुण मिळत. ती ऑफर पक्की करणाऱ्या एलएमआयए कागदाची खरेदी-विक्री सुरू झाली, म्हणून २५ मार्च २०२५ पासून हे गुणच काढून टाकण्यात आले. ज्यांनी कर्ज काढून तो कागद ‘घेतला’ होता, त्यांचे गुण गेले, पैसेही गेले. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणं बंद केलं. त्याच दिवसापासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कामाचा दर्जा पदवीच्या पातळीवर नेला आणि पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० व्हिसा देण्याची तयारी दाखवली, आणि तेव्हापासून आपल्या शहरात जर्मनीच्या पाट्या वाढल्या. उद्या हाही आकडा बदलू शकतो. आणि नव्वद हजार म्हटल्याने कुणाची अट माफ झालेली नाही. नियम फिरला की एजंटाला दिलेली रक्कम बुडते. ए२ चं, बी१ चं ज्ञान, दुरुस्त केलेली नावं, पीएफमध्ये दिसणारी वर्षं ही मुलापाशीच राहतात. पुण्यातल्या जर्मन कंपनीत अर्ज करतानाही ती कामी येतात.

कर्ज मंजूर करताना कायद्याची एक गोष्टही ध्यानात ठेवा. परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. अशा एजंटाने कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. त्याहून मोठं कोटेशन समोर आलं तर समितीने विचारायलाच हवं, की बाकीची रक्कम कशाची? पुष्कळदा त्यात ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे मिसळलेले असतात. ऑपॉर्च्युनिटी कार्डासाठी २०२५ च्या हिशेबाने दरमहा १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२ युरो दाखवावे लागतात. पण हे पैसे कुणाला द्यायचे नसतात. ते अर्जदाराच्याच नावाने राहतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला त्यालाच मिळतात. त्यांना ‘प्रोसेसिंग’ म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे. सगळे सल्लागार तसे नसतात. कागद नीट लावून देणारे, ‘तुझं होणार नाही’ असं तोंडावर सांगणारेही या शहरात आहेत. त्यांचा धंदा चालावा असं वाटत असेल तर हे प्रश्न विचारणं आणखीच गरजेचं आहे.

शिकायला बाहेर पाठवण्याची रीत बडोद्याला नवी नाही. १९१३ साली संस्थानाने तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, तेव्हा शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. पैसा शिकण्यासाठी होता, महिन्याच्या महिन्याला मिळणारा होता आणि कशासाठी ते लिहून ठेवलेलं होतं. त्याच्या तेवीस वर्षं आधी याच गावात कलाभवन उघडलं गेलं, ते हाताला हुनर देण्यासाठी. सयाजीरावांच्या तसबिरीला हार घालून सभा सुरू करणाऱ्या आपल्या संस्थांनी कर्जाचा नियम बनवताना हे डोळ्यांपुढे ठेवावं, अशी माझी अपेक्षा आहे.

तेव्हा मागणं असं. ‘परदेशगमन कर्ज’ हे एकरकमी देऊ नका. ते टप्प्यांनी द्या. पहिला टप्पा ए१-ए२ च्या वर्गाचा आणि परीक्षेचा, आणि तो मागायला कोटेशन नको, फक्त शिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट पुरे. प्रमाणपत्र आणून दाखवलं की पुढचा. मान्यतेची फी आणि भाषांतराचा खर्च थेट त्या त्या कार्यालयाला किंवा अनुवादकाला भरा. नावदुरुस्तीसाठी लहानशी बिनव्याजी रक्कम ठेवा, त्यात फार पैसे जात नाहीत. आणि ज्याचं आधीचं कर्ज सल्लागाराकडे बुडालं आहे, त्याला परीक्षेच्या फीपुरती सवलत द्या. नापास होणारी मुलंही असतील. गोएथेच्या बी१ आणि बी२ च्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात ६० टक्के लागतात. एका भागात राहिलेल्या मुलाला पुन्हा बसायला पैसे नाहीत म्हणून त्याने सगळंच सोडून द्यावं, असं होऊ देऊ नका.

हॉलचं म्हणाल तर आठवड्यातल्या तीन संध्याकाळी पुरतील. एका खोलीत अभ्यास, दुसरीत कागद तपासायचं टेबल. तुमच्या सभासदांत बँकेतून, मामलतदार कचेरीतून, शाळांमधून निवृत्त झालेली कितीतरी माणसं आहेत, ज्यांना फॉर्म आणि दाखले तोंडपाठ आहेत. त्यांना बोलवा. जर्मन शिकवायला मी येईन, त्याचं मानधन नको.

बहुतेक संस्थांच्या वार्षिक सभा पावसाळ्यात होतात. विषयपत्रिका छापायला जाण्याआधी कर्जनियमातल्या या बदलाचा ठराव तीत घ्या आणि मला कळवा. सभेत सभासदांनी प्रश्न विचारले तर उत्तरं द्यायला मी हजर राहीन. फिटर आणि वेल्डर दोघांचीही सभेत बोलायची तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक जर्मन शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे